अडुळशाचा गुण

छातीच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात मी माझ्या नंबरची वाट पाहत बसलो होतो. शेजारी बसलेल्या काकूंचे यजमान रिपोर्ट नाचवत बाहेर आले.

"अगं, एक्स-रे स्वच्छ! छातीत काही नाही."

"सुटले बाई! जिवाला नुसता घोर लावला होता त्या खोकल्यानं."

"घोर कसला? अंगणात अडुळसा आहे ना! जंतू मरतात, अंगात ताकद येते. डॉक्टरांच्या गोळ्यांना मी बोटसुद्धा लावलं नाही."

"तसं सांगितलंत त्यांना?"

"तोंडावर सांगितलं. 'कमाल आहे' म्हणाले."

"कमालच म्हणायची. आता रिक्षा बघा जा."

काका गेले. पलीकडच्या बाई काकूंजवळ सरकल्या.

"काकू, आमचे हेही गोळी पाहिली की तोंड फिरवतात. थोडा अडुळसा द्याल?"

"न्या की. पण उकळायला ठेवलात की गोळी बारीक कुटून घ्यायची."

"कुठली गोळी?"

"डॉक्टरांची. काढा गाळून झाला की त्यात घालायची. इतका कडू असतो, की तिची चव लागत नाही."

"अगंबाई! चालतं असं?"

"डॉक्टरांना विचारूनच घालत होते हो."

"आणि काकांना कळलं नाही?"

"कसं कळणार? नाक दाबून पितात."

तेवढ्यात काका परतले.

"चल, रिक्षा थांबलीय. काय चाललंय?"

"काढ्याची कृती विचारत होत्या."

"सगळी सांगितलीस ना? लोक अर्धवट कृती ऐकतात आणि मग अडुळशाला नावं ठेवतात."

"अगदी बारीकसारीक सांगितली, काका," बाई म्हणाल्या.