चेष्टा क्लासेस

खरं तर बोर्ड रंगवणारे मराठी काका ब्रश थांबवून म्हणाले, "बाई, नाव हेच नक्की?" तेव्हाच मला कळायला हवं होतं. मी हो म्हणून मोकळी झाले.

दोन वर्षं प्रत्येक इंटरव्ह्यूत "हम कॉल करेंगे" ऐकलं, फोन एकाचाही नाही. म्हणून स्वतःची शिकवणी काढली. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. हिंदी मुलखात वाढलेली मी, सगळं शिक्षण हिंदीत, मराठी अर्थ डोक्यातच आला नाही.

एकही मूल फिरकेना, तेव्हा आमच्या छावनी भागातल्या मराठी घरांना मीच फोन लावत बसले. कोणी उचलेना. शेवटी एका काकूंनी उचलला. घाबरून 'क्लासेस' म्हणायचंच राहिलं.

"काकू, मी चेष्टामधून बोलतेय."

"चेष्टेला आम्हीच सापडलो का गं? नोकरी वगैरे नाही का तुला?"