एप्रिलपर्यंत थांबा म्हणालो

नाही हो, तुमची सान्वी हुशारच आहे, प्रश्न तिचा नाही — बसा, कोट राहू दे खुर्चीवर — प्रश्न माझा आहे. तीस वर्षं इथे हॅरोतल्या शाळेत जिऑग्रफी शिकवली, रिटायर झाल्यावर याच टेबलावर ट्यूशन्स घेतल्या. कोव्हिडमुळे बंद केल्या असं मराठी मंडळात सांगतो मी. खोटं आहे ते. तेवीसच्या फेब्रुवारीत बंद केल्या.

शेवटची विद्यार्थिनी डेफ्ने — तुर्की मुलगी, तुमच्या सान्वीएवढीच. वडिलांचं, मुरातचं, स्टेशनजवळ ड्रायक्लीनिंगचं दुकान. तिचा प्रोजेक्ट स्वतःच्याच देशावर होता. मला कोण उत्साह! दोन खंडांवर पसरलेला देश — युरोपात किती? जेमतेम तीन टक्के, बाकी सगळा आशियात. मी तिला बॉस्फरसची सामुद्रधुनी सांगितली, तुर्कांनी इस्तंबूल जिंकलं ते चौदाशे त्रेपन्न सांगितलं, एकोणीसशे तेवीसचं रिपब्लिक सांगितलं. तर ती म्हणाली, माझे आजोबा जन्मले तेव्हा त्यांचं गाव या देशात नव्हतंच. अंताक्या — दक्षिणेला, सीरियाला चिकटून — एकोणचाळीस साली तुर्कस्तानात आलं. मला हे ठाऊक नव्हतं, पण मान अशी डोलावली की जणू मीच सांगणार होतो. माझा स्वभावच तो.

मग भूकंपांचा विषय आला. जमिनीतली उत्तरेकडची फट, जिच्यावर भूकंप होतात ती, मी नकाशावर लाल पेनने काढली, एकेक भूकंप इस्तंबूलकडे कसा सरकत आला ते दाखवलं. तेवढ्यात मुरात तिला न्यायला आला. त्याच्या वडिलांचा, म्हणजे तिच्या आजोबांचा, व्हिसा हातात होता त्याच्या — त्यांना अंताक्याहून इथे लगेच डिसेंबरात आणायचं की थंडी संपल्यावर, एवढंच ठरत नव्हतं. दारात उभा राहून विचारलं त्याने, सर, आमच्या बाजूला धोका आहे का? तुम्ही शिकलेले आहात.

मी म्हणालो, "धोका इस्तंबूलला आहे. एप्रिलपर्यंत थांबा, त्यांना इथली थंडी सोसणार नाही."

माहीत नव्हतं का मला? होतं ना. दुसरी एक फट सरळ त्यांच्याच बाजूला उतरते. पाचशे सव्वीस साली अंताक्या भूकंपातच कोसळलं होतं — हे मी वाचलेलं होतं. पण तसं बोललो असतो तर पुढे म्हणावं लागलं असतं की नक्की काही सांगता येत नाही. आणि ते मला विद्यार्थिनीसमोर म्हणवेना. एवढंच. एवढ्यासाठी.

सहा फेब्रुवारीचं तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल. आजोबा चौथ्या दिवशी सापडले, ढिगाऱ्याखाली, गेलेले.

दुकानात भेटायला गेलो. मुरातने स्टूल दिलं, चहा केला, आणि धीर कुणी कुणाला दिला? त्याने मला. म्हणाला, "सर, मनाला लावून घेऊ नका. कुणाला माहीत होतं?" — तिथे बोलायचं होतं मी. डेफ्ने काउंटरमागे कपड्यांना चिठ्ठ्या लावत होती, हात थांबवून बघत होती माझ्याकडे.

मी म्हणालो, "कुणालाच नाही."

पुढच्या गुरुवारी ती आली, नेहमीच्या वेळेला, वही घेऊन. मी याच खुर्चीत बसून होतो. बेल दोनदा वाजली. दार उघडलं नाही मी.

मंजिरीला यातलं काही माहीत नाही — आमच्या हिला. तुम्हाला कसं बोलून गेलो कोण जाणे. नको, पाणी नको. स्टॅनमोरला एक बाई शिकवतात, चांगल्या आहेत, नंबर पाठवतो तुम्हाला. ही गाडी मंजिरीचीच वाटतं — निघा तुम्ही आता. प्लीज, निघा.