आज तो वळलाच नाही

(नाटकाचं मध्यंतर. रंगमंचामागची कपडे बदलायची खोली. नाटक लिहून बसवणारी मावशी, तिची भाची आणि भाचीचा नवरा. नाटकातही हे दोघं नवरा-बायकोच.)

मावशी : …मान आखडली का तुझी? चमक भरली? काय झालं ते तरी सांगा, जावईबापू!

तो : मान ठणठणीत आहे, मावशी.

मावशी : मग वळला का नाहीस? नगारा वाजला, दिवे लाल झाले, सगळं प्रेक्षागृह श्वास रोखून बसलं, आणि हा ढिम्म! सरळ पायऱ्या चढून वर. आणि मागोमाग ही. जिवंत!

ती : मावशी, आधी पाणी पी बघू.

मावशी : पाणी कसलं पिऊ! अगं, हजारो वर्षं तो गवई वळतोय. मेलेल्या बायकोसाठी पाताळात उतरतो, गाऊन तिथल्या राजाला रडवतो, तिला सोडवतो. अट एकच, वर पोचेपर्यंत मागे बघायचं नाही. शेवटच्या पायरीवर त्याला राहवत नाही, तो बघतो, आणि ती कायमची जाते. त्या एका वळण्यावर किती नाटकवाल्यांच्या चुली पेटल्या! आणि तू माझी विझवलीस.

तो : लोकांना आवडलं पण. टाळ्या ऐकल्या नाहीत तुम्ही?

मावशी : ऐकल्या ना! म्हणूनच हातपाय गळालेत. वैतागून उठून गेले असते तर पडदा पाडून मोकळी झाले असते मी. आता ते बाहेर चहा ढोसत एकमेकांना विचारतायत, पुढे काय? पुढे काय, कप्पाळ! दुसरा अंक अख्खा तुझ्या विरहाचा. तुझे काळे कपडे ते बघ, इस्त्री करून टांगलेत. आता रडणार कोणासाठी? बायको तर इथे बसून केस विंचरतेय!

ती : मी पाय घसरून पडू का परत पाताळात?

मावशी : थट्टा सुचतेय हिला!

तो : पण मावशी, दर वेळी कुणीतरी मेलंच पाहिजे का?

मावशी : पाहिजेच! ते भिंतीच्या फटीतून बोलणारे दोघं आठव. रक्ताने माखलेली ओढणी बघून त्याला वाटलं ती गेली. त्याने जीव दिला. ती पोचली, पण जरा उशिरा. त्या जराशा उशिरावर पुढच्यांनी किती नाटकं रचली! कुणी भिंतीच्या जागी दोन वैरी घराणी घातली, कुणी ओढणीच्या जागी चुकलेला निरोप. उशीर मात्र एकानेही सोडला नाही. प्रेमातली माणसं वेळेवर पोचली की नाटक संपलं, बाबा. मग काय, घरी जाऊन भांडी घासणार?

ती : घासतील की. तेच दाखवू या.

मावशी : काय?

ती : दुसरा अंक. ती घरी आलीय. सकाळ झालीय. ती भांडी घासतेय आणि तो दारात उभा आहे. मागे बघायची बंदी आता संपली ना? आता तो बघतोच आहे. ती विहिरीवर निघाली की हा पाठोपाठ. ती शेजारणीशी बोलली की, काय बोललीस? गप्प बसली की, कसला विचार करतेस?

मावशी : अगं… थांब, थांब. पुढे?

ती : पुढे ती म्हणते, अरे, पाताळात निदान कुणी टक लावून बसलेलं नव्हतं.

मावशी : अगं बाई गं! काटा आला बघ माझ्या अंगावर! हे कुणी लिहिलंच नाही. ती परत आल्यावर काय होतं हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही! मला हात नको लावू, मी उडेन आता. दुसऱ्या अंकात तू दारात, ही भांड्यांपाशी. गाणी रद्द. काळे कपडे रद्द! मी आधी दिवेवाल्याला सांगते, मग वाजंत्र्यांना. शेवट काय पण?

ती : शेवट मला नाही माहीत.

मावशी : नको कळू दे! तिथेच, लोकांसमोर काय सुचेल ते करा. या वयात मला असला आनंद सोसायचा नाही, सांगून ठेवते. घंटा झाली की आत या. आलेच मी!

तो : …गेली. धडपडेल कुठेतरी.

ती : तिला काही होत नाही.

तो : तो दारातला माणूस. मीच ना तो?

ती : तुला काय वाटतं?

तो : मला वाटायचं, काळजी करतो मी.

ती : काळजी? रंगभूषावाल्याला विचारतोस, ही कोणाशी हसत होती. शिंप्याला विचारतोस, माप कुणासमोर दिलं. तालमीत दाराआडून डोकावतोस. बिचाऱ्या रंगभूषावाल्याने माझा चेहरा रंगवणं सोडलंय, लांबूनच डबी सरकवतो. मला लाज वाटते रे.

तो : हं. सकाळी म्हणालीस ना, उद्या त्या दुसऱ्या शहरातल्या नाटकमंडळीत कामाला जाणार, आणि परत यायचं काही ठरवलेलं नाही. दिवसभर डोकं भणभणत होतं. पायऱ्या चढताना नगारा वाजला आणि माझी मान वळायला लागली सुद्धा. आणि एकदम वाटलं, बस झालं. आयुष्यभर दुसरं काय केलंय मी? मागे असेल तर असेल. नसेल तर बघून का येणार आहे?

ती : नव्हतेच मी.

तो : म्हणजे?

ती : मी खालीच थांबले होते. तिसऱ्या पायरीवर. म्हटलं, हा वळणारच, नेहमीसारखा. वळू दे आणि रिकाम्या पायऱ्या बघू दे. मग दागिने उतरवून सरळ निघून जायचं ठरवलं होतं. उद्याचीही वाट बघायची नाही.

तो : बाप रे.

ती : आणि तू चढतच राहिलास. पाठीवरून कळत होतं, तू किती घाबरलायस ते. खांदे उडत होते तुझे. तरी वळला नाहीस. इतकी वर्षं मी ती पाठ बघतेय, पण आज पहिल्यांदा वाटलं, जावं याच्या मागे. मग धावत सुटले. साडीत पाय अडकला, पडता पडता वाचले.

तो : लोक हसले तेव्हा? मला वाटलं, मला हसले.

ती : मला. …रडू नकोस, रंग ओघळेल.

तो : मग नको जाऊस ना उद्या.

ती : जाणार. काम चांगलं आहे आणि मला हवंय. एकदा नाही वळलास म्हणून सगळं मिटलं, असं थोडंच आहे?

तो : नाही. बरोबर आहे. …स्टेशनवर सोडायला येऊ?

ती : आणि गाडी हलली की? डब्याबरोबर धावशील, शेजारी कोण बसलंय बघायला?

तो : नाही. पाठ फिरवून सरळ घरी. फोन पण नाही करणार.

ती : बघ हं.

तो : अवघड जाईल. पण नाही करणार.

मावशी : (आतून) अरे, घंटा झाली! भांडी मांडलीत! येताय ना दोघं?

तो : आलो, मावशी! …चल. तू हो पुढे.

ती : ऐक.

तो : काय?

ती : पोचले की मी करीन फोन.