झाकण आता बोलत न्हाय

गुडूक... गुडूक... गुडूक... असा आवाज यायचा बघा पावणं, आणि तुमास्नी सांगतो, त्यो आवाज ज्यांनी बंद केला त्यांच्या कामाला नाव ठेवाय जागा न्हाय, झकास काम केलंय, पर माझं वाटोळं केलंय त्येचं काय? बसा की. सावकाश सांगतो. मला भरभर बोलाय येत न्हाय आणि एकदा सुरू झालो की थांबाय येत न्हाय, म्हणून मी आपला गप्पच असतोय.

त्यो आवाज पयल्यांदा ऐकला तवा मी गुंडूच्या घरात जेवाय बसलोतो. गुंडू म्हंजे माझा तालमीतला जोडीदार. त्यानं मैदान मारून चांदीची गदा आणली, मी त्येचा टॉवेल धरून उभा. आता टॉवेल बी कुणीतरी धराय लागतोयच की. तर घास तोंडात, आणि दारातल्या चेंबरचं झाकण गुडूक म्हणालं, उचललं, आणि सगळ्या गल्लीची घाण गुंडूच्या उंबऱ्यावरनं आत! आमची गल्ली उताराची, गुंडूचं घर तळाला, माझं मधी चढावर. पाईप एकच. त्यातच संडासाचं पाणी, त्यातच वरच्या गच्च्यांचं पावसाचं पाणी... किती गिळंल बिचारा? तवा गुंडूची बायको, आमची झुंबरवैनी, काय घिऊन पळाली असंल? दागिनं? तांदूळ? न्हाय. गदा. लुगड्यात गुंडाळली, लेकरागत कडेवर घेतली, चढ चढून आली आणि माझ्या सोप्यातल्या कोपऱ्यात उभी केली. मी काय बोललो न्हाय.

तवापास्नं रीतच पडली. गुंडू देवाघरी गेला, माझी मंडळी बी गेली, पर आखाडाच्या पावसात झाकण गुडूक म्हणालं की पुढं गदा, मागनं वैनी, माझ्या दारात. पाणी ओसरंपर्यंत मुक्काम. माझ्या सुनंजवळ, संयोगिताजवळ आत झोपायची. सून गुणाची हाय हो, पर डॉक्टरनं सांगितल्यापास्नं आमटीत मीठ असं घालती, जसा कपाळाला अंगारा. वैनीला बजावायची, मामांस्नी ठेचा द्यायचा न्हाय. वैनी म्हणायची, न्हाय गं बाई... आणि माझ्या भाकरीच्या पोटात ठेचा! वरनं मलाच दटावायची, "बोटं चाटू नगासा, कळंल तिला." मी काय बोललो न्हाय. ठेचा तोंडात असताना कोण बोलतंय?

आणि मग आल्या इंजिनेर बाई, प्रियदर्शनी मॅडम. नातीएवढी पोर, पर आवाज कसा, मैदानातल्या पंचागत! म्हणाल्या, आता पाईप दोन, मैल्याचा येगळा, पावसाचा येगळा, आणि ज्येनं त्येनं आपल्या गच्चीचा पाईप मैल्यातनं काढून पावसाच्यात जोडायचा. गल्लीनं माना डोलावल्या. पर नारळ कुणी फोडायचा? वरच्या अंगाचं मंडळ म्हणतंय आम्ही, खालच्या अंगाचं म्हणतंय आम्ही. बाई म्हणाल्या, अहो, पाईप खालनं वर घालत जात्यात. झालं! म्हंजे वरच्यांचा नंबर शेवटी? नाक कापल्यागत झालं की! शेवटी तोड निघाली, वरच्यांनी नारळ फोडला, खालच्यांनी खणाय घेतलं आणि मधल्या लोकांनी खोबरं खाल्लं. मी मधला.

सगळ्यांनी पाईप काढलं, एक हंबीरराव सोडून. त्येची गच्ची गल्लीत सगळ्यांत मोठी, आणि त्यो अडून बसला, आमच्या आबानं लावलेला पाईप हाय, मी हात लावणार न्हाय. बाईंनी समजावलं, मंडळांनी समजावलं. मग वैनी गेली. गदा कडेवर. म्हणाली, "हंबीरराव, आता ही तुमच्या देव्हाऱ्यात ठिवा. तुमच्याच गच्चीचं पाणी हिला बाटवतंय." हंबीरराव कवळं पोर असताना गुंडूनंच त्याला आखाड्यात उतरवलंतं. सांजच्याला पाईप निघाला. आणि वैनीच्या मागं कोण उभा हुता? मीच की. हातात टॉवेल न्हवता एवढंच. पर पावणं, मला काय ठावं, मी माझ्याच पायाखालचं खणत हुतो?

औंदा आखाड आला. धो धो! नदीवरचा राजाराम बंधारा पाण्याखाली गेला. मी दारात कान लावून बसलो, आता गुडूक म्हणंल, मग म्हणंल... कशाचं काय. झाकण आपलं मेल्यागत पडून. बाई रेनकोट घालून आल्या, झाकणावर पाय ठेवून उभ्या ऱ्हायल्या, हसल्या. सगळी गल्ली हसली. मी बी हसलो. न्हाय तर काय, वैनीच्या घरात घाण यावी म्हणून देवाला नवस बोलू? सून म्हणाली, आता कोपरा मोकळाच हाय, तिथं वॉशिंग मशीन ठिवू. मी काय बोललो न्हाय. नुसती खुर्ची टाकून कोपऱ्यात बसून ऱ्हायलो.

आणि काल, दुपारी, भर पावसात, दारात कोण? वैनी! कडेवर गदा, लुगड्यात गुंडाळलेली. पाय कोरड्या घरातनं निघाल्यागत स्वच्छ. पदराखाली डबा, आणि डब्याचा वास मला न्हाय कळणार? तुमास्नी सांगतो, इतक्या वर्सांचं न बोललेलं सगळं एकदम गळ्यापर्यंत आलं. म्हटलं, आता बोलायचं. आता न्हाय तर कधी? आणि तोंड उघडलं, तर भाईर काय पडावं?

"का वो वैनी, पाणी तर आलं न्हाय. मग कशापायी आलासा?"

बघा की! जलमभर गप्प बसून एकदा बोललो, ते हे!

तिनं माझ्याकडं बघितलं. कोपऱ्याकडं बघितलं. गदा ह्या कडेवरनं त्या कडेवर घेतली, आणि पावसातनं उतार उतरून गेली.

काय बोलली न्हाय.