उलटं येणारं पाणी

शाहूपुरीतल्या पाइपच्या दुकानात माझ्यापुढे दोघे उभे होते. त्यातल्या एका तरुण सरांच्या हातात समुद्री माशांसाठीच्या काचटाकीची आकृती होती. ओळखीचे प्लंबर चमनभाई ती बघत होते.

“वरच्या टाकीतलं पाणी या भोकातून खालच्या टाकीत उतरतं, चमनभाई. तिथून पंप ते परत वर चढवतो.”

“व्हय. पण चढवायचा पाइप वरच्या टाकीत तळापर्यंत का सोडलाय?”

“पाण्याचा आवाज येऊ नये म्हणून.”

“आणि लाईट गेल्यावर?”

“पंप बंद पडेल. पाणी फिरायचं थांबेल.”

“फिरंल की, उलटं. त्याच पाइपातनं सगळी टाकी खाली येईल. मासे कोरडे आणि फरशी ओली.”

“तुम्ही मासे पाळता?”

“न्हाय, म्हशी. गावाकडं बिद्रीला हौदात पाइप असाच बुडवल्ता. लाईट गेली आणि भरलेला हौद परत विहिरीत गेला. म्हशी माझ्याकडं बघत उभ्या.”

“मग एकाच दिशेनं उघडणारा व्हॉल्व्ह बसवू?”

“खारं पाणी हाय सर, मिठानं अडकंल. पाइपाचं तोंड पाण्याच्या वरच्या अंगाला, जेमतेम बुडंल असं ठेवा. पाणी बोटभर उतरलं की तोंड उघडं पडतं, पाइपात हवा शिरती आणि पाणी थांबतं.”

“तीन महिने आखतोय मी हे. एवढं साधं सुचलं नाही.”

“तुमच्याकडं म्हशी न्हाईत.”

“येऊन लावून द्याल? रविवारी मासे येणारेत.”

“शनवारी येतो. मेन स्विच कुठाय, तेवढं दावा, लाईट घालवून बघू.”