बँडेजातलं सहावं बोट

परत सांगू? अरे, हळदीत सांगितलं, काल न्हाव्याकडं अर्ध्या दाढीत सांगितलं, आणि आज तुमी हातात चहा कोंबून, ‘दादा, ते बँडेजचं सांगा ना!’... सांगतो बाबांनो, पण हसायचं नाय, आणि हसलात तर हसा, मला काय वाटत नाय. हे सहावं बोट बघा, करंगळीला लटकलंय, घडाला उरलेल्या पिचक्या केळ्यासारखं. ह्याला काय बी कळत नाय. चिमटा काढा, चहात बुडवा... कळत नाय! तसंच माझं झालंय आता.

तर नात आमची, प्रांजल, कॉलेजात जीवशास्त्र शिकलेली, तिचा साखरपुडा करंजाड्याच्या हॉलात. सकाळी तिचा बाप, म्हंजे माझा पोरगा कल्पेश, मेडिकलमधून बँडेज घेऊन हजर.

‘बाबा, हात पुढं करा.’

मी म्हटलं, मला लागलंय कुठं?

‘लागलंय असं सांगायचं! बाथरूममध्ये पडलात. ते बोट मुलाकडच्यांनी बघितलं तर म्हणतील, पोरीच्या रक्तात खोट हाय. ठरलेलं मोडंल बाबा!’

आता तुमी सांगा, ह्याच हातानं मिठागरात मीठ ओढलं, ह्याच हातानं ह्याला धपाटे घातले तेवा सहा वळ मोजून रडायचा... तेवा चाललं बोट! पण मला काय वाटलं नाय. हात दिला पुढं.

पोरगी चिडली. दारातल्या चपला दाखवून बापाची शिकवणीच घेतली तिनं. ‘पप्पा, आपल्या शरीरात क्रोमोसोमच्या जोड्या असतात, या चपलांसारख्या. बीज तयार होताना जोड्या फुटतात. प्रत्येक जोडीतली एकच आत जाते. कुठली, ते कोणी ठरवत नाही.’

मी म्हटलं, अगं, एका चपलेवर पोर चालंल कसं?

‘आजोबा, दुसरी आईकडून येते ना! तुमच्या एका चपलेला ते सहावं बोट चिकटलंय. ती मिळाली तर बोट येणार, दुसरी मिळाली तर नाही. नाणं उडवल्यासारखं. आणि ज्याला ती मिळालीच नाही तो पुढे देणार कुठून? माझी बोटं दहा आहेत, मला बहुतेक साधीच आलीय!’

‘चपलांचं ज्ञान सासरी पाजळ,’ कल्पेश म्हणाला, आणि कोपरापर्यंत गुंडाळला मला, आवळून गाठ मारली.

हॉलात जो येतो तो, ‘दादा, काय झालं?’ पडलो. ‘कुठं?’ बाथरूममध्ये. ‘कसे?’ आता कसे काय, खाली पडलो, वर कोण पडतो? तेवढ्यात शेजारी येऊन बसला मुलाचा आजा, उलव्याचा काशिराम. आणि हा काशिराम करतो काय? हाडं बसवतो! चार गावांची! आमच्या पोरानं केटरर बघितला, डीजे बघितला, मुलाच्या आज्याचा धंदा नाय बघितला!

‘कंचं हाड?’

मी म्हटलं, मधलं.

‘हातात मधलं कंचं?’ असं म्हणून हात घेतला मांडीवर, मी नको म्हणतोय, तो सोडतोय, कल्पेश तिकडून ताट टाकून धावतोय, बँडेज संपता संपत नाय... आणि सुटलं एकदाचं. डीजे बंद. ते बोट आपलं लोंबतंय. मला काय वाटलं नाय.

काशिरामनं बोटं मोजली. परत मोजली. मग स्टेजकडं बघून ओरडला, ‘प्रित्या, बूट काढ!’ हा प्रितेश, नवरा मुलगा, ओवाळताना बूट काढ म्हटलं तर म्हणत होता थंडी वाजते... मे महिन्यात! बूट निघाला, मोजा निघाला, आणि डाव्या पायाला... सहा!

‘आमी बुटात ठेवलं, तुमी बँडेजात!’ काशिराम म्हणाला, आणि हॉल असा हसला म्हणता! नारळ दिले, साखर वाटली, जमलं सगळं.

प्रांजल तेवढी हसली नाय. तिनं बापाच्या करंगळीची जाड अंगठी वर सरकवली. खाली फोडाएवढी खूण. ‘आजोबा, हे काय?’ काय सांगू? ह्याला बी होतं जन्मताना. माझ्या बायकोनं, सोनाबाईनं, दोरा बांधला, गळून पडलं. पोरगी म्हणाली, ‘बोट गळलं पप्पा, चप्पल नाही गळली.’ कल्पेश अंगठी खाली ओढून जेवणाच्या पानांकडं बघायला गेला.

काशिरामनं हात जोडले, प्रितेश पाया पडला, डीजेवाल्या पोरानं सुद्धा सॉरी म्हटलं, त्याचा काय संबंध? उद्या पणतू सहा बोटांचा निघाला तर सगळे माझ्याकडंच बघणार, बघू द्या. ह्या बोटाला काय कळत नाय म्हटलं ना... खरं सांगू? ती गाठ मारली तेवा कळलं होतं. एवढ्यांनी माफी मागितली, आणि ज्यानं मारली तो रोज समोर बसून जेवतो, मीठ वाढा म्हणतो, बाकी गप.

कल्पेश.