एका वाक्यासाठी पाच स्पीकर

...आणि वायर वेगळी! म्हणजे तुम्हाला सांगतो, स्पीकर घेतले, पैसे भरले, खोकी कशीबशी उचलली, दुकानाच्या दारापर्यंत पोचलो, तर तो काळ्या शर्टवाला मागून विचारतो, "सर, वायर आहे ना घरी?" अहो, घरी कशी असेल? घरी कपडे वाळत घालायची तार आहे, तिच्यावर चालतो का तुमचा स्पीकर? तर म्हणे नाही सर, याला तांब्याची लागते, ऑक्सिजन काढून घेतलेली. आता तांब्यातला ऑक्सिजन कोण काढतं, कशाला काढतं, काढलेला कुठे नेऊन ठेवतात... मी काही विचारलं नाही. भाव ऐकला आणि माझाच ऑक्सिजन निघून गेला. मला सांगा, म्हैस घेतली तर शिंगं तिच्याबरोबर येतात की नाही? की ती दुसऱ्या काउंटरला मिळतात?

आणि मला फक्त एक वाक्य ऐकायचं होतं हो.

हो, एकच. नीट सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटायचं हा माणूस चैनी दिसतोय. मी गाडी चालवायला शिकवतो. म्हणजे रोज सकाळी उठून अनोळखी माणसाच्या हातात स्वतःचा जीव द्यायचा आणि वर त्याला "छान, छान" म्हणायचं, हा माझा धंदा. शिकवणाऱ्याच्या बाजूलाही एक ब्रेक असतो आमच्या गाडीत. त्यामुळे झालंय काय, कुठेही धसका बसला की माझा उजवा पाय आपोआप खाली जातो. दाताच्या डॉक्टरकडे तर मी त्यांच्या खुर्चीचा पायठेवा मोडून आलोय. तर या सबंध प्रकरणात माझा पाय किती वेळा खाली गेला ते विचारूच नका.

आता वाक्य कोणाचं, तर बाबांचं. बाबा गेले, झाली काही वर्षं. पाणीखात्यात मीटर वाचायचे. दारोदार जाऊन वाचायचे आणि घरी आले की गप्प. सगळा संसार त्यांनी "हं" वर चालवला. भूक लागली, हं. जेवण झालं, हं. मी नापास झालो, तेव्हाही हं, फक्त जरा लांब. असा हा माणूस, माझ्या लग्नात, आईच्या कानाशी वाकतो, चांगलं लांबलचक काहीतरी बोलतो, आणि आई तोंडावर हात धरून अशी हसते, अशी हसते की खुर्चीसकट हलते. लग्नाच्या व्हिडिओत आहे हे सगळं. कॅमेरावाला अगदी त्यांच्या तोंडाशी उभा. दिसतं सगळं आणि ऐकू येत नाही काही. कारण हॉलच्या चारी कोपऱ्यांत माणसाएवढे भोंगे, मीच हौसेने मागवलेले, आणि ते जे काय कोकलतायत ना, की वाटतं लग्न नाही, कारखाना सुटलाय.

आणि आईला आठवत नाही! विचारलं की म्हणते, "हसले तेवढं आठवतंय रे." रोज संध्याकाळी ती व्हिडिओ लावते, टीव्हीला कान लावते आणि त्या जागेपाशी श्वास रोखून बसते. ताई म्हणते, बाबा म्हणाले असणार, आज किती छान दिसतेस. काका म्हणतात, छे, जेवण कधी वाढणार ते विचारलं असेल. हेडफोन लावून पाहिला, तर आईच्या कानाच्या यंत्राची आणि हेडफोनची अशी जुंपली की कुकरसारख्या शिट्ट्या. मी लावून ऐकलं तर नुसतं घूंऽऽ. एक दिवस आई टीव्ही बंद करून म्हणाली, "एवढ्या वर्षांत त्यांनी मला एकदाच हसवलं, आणि तेच मी विसरले." आता हे ऐकून तुम्ही गप्प बसला असता?

मी नाही बसलो. व्हिडिओवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, आवाज आहे हो आत. माणसाचं बोलणं मधोमध असतं, गोंगाट आजूबाजूला पसरलेला असतो, होम थिएटर घ्या, मधल्या स्पीकरमधून येईल बोलणं. म्हटलं देव भेटला. बाबांची जुनी मोटारसायकल पडून होती, ती विकली. म्हणजे त्यांच्याच गाडीच्या पैशांत त्यांचाच आवाज. आई म्हणाली, "यांना आवडलं असतं." आता असतं की नसतं, ते पुढे येतंय.

तर बायकोला घेऊन दुकानात गेलो. बरोबर माझा मेव्हणा. नोकरी विम्यात, पण मोबाइलवर बघून बघून आवाजातला असा तज्ज्ञ झालाय की सगळे त्याला डेसिबल म्हणतात. त्याच्या स्वतःच्या घरी रेडिओ आहे. वाटेत मला समजावतोय, "भावोजी, अॅम्प्लिफायर म्हणजे हृदय, आणि सबवूफर म्हणजे पोट." म्हटलं बाबा रे, मला फक्त एक वाक्य ऐकायचंय, त्याला पोट कशाला?

दुकानात एक अंधारी खोली. सोफ्यावर बसवलं, दार लावलं, आणि काळ्या शर्टवाल्याने कुठलं तरी बटण दाबलं. आणि तुम्हाला सांगतो, डाव्या कानामागून हेलिकॉप्टर आलं. डोक्यावरून गेलं. उजवीकडे जाऊन फुटलं! माझा पाय जो खाली गेला तो समोरच्या काचेच्या टेबलावर. टेबल वाचलं, मी नाही. बायको अगदी शांत. ती म्हणाली, "आमच्याकडे हेलिकॉप्टर येत नाही." काळ्या शर्टवाला म्हणतो, "मॅडम, फील बघा ना, फील." बायको म्हणाली, "यांना सासूबाईंसाठी माणसाचं बोलणं ऐकायचंय. मधला स्पीकर एक चांगला द्या, त्याला लागेल ते यंत्र द्या, आम्ही निघतो." झालं की नाही? एका वाक्यात काम झालं होतं. तिथेच उठायला हवं होतं.

पण तो काळ्या शर्टवाला माझ्याकडे बघून हसला. असा हसला ना, की जणू मी एका पायात बूट घालून लग्नाला निघालोय. "सर... मधला एकटा?"

बास. तिथे मी गेलो.

म्हणजे नुसता गेलो नाही, उतारावर ब्रेक सुटल्यासारखा गेलो. मधला एकटा कसा, बरोबर पुढचे दोन हवेत. पुढचे घेतले तर मागचे हवेत, नाहीतर म्हणे सर, आवाज लंगडा होतो. मागचे घेतले तर बजेट संपलं, म्हणून मधला जरा हलका घेऊ, असं काळ्या शर्टवाला म्हणाला. मधला हलका? ज्याच्यासाठी आलो तोच? डेसिबल म्हणतो, "मधला हलका चालेल, पण सबवूफरमध्ये तडजोड नको." मग ते ओहम का काय ते जुळेना. काळ्या शर्टवाला म्हणे या अॅम्प्लिफायरला ते स्पीकर लावले तर जळेल. मी म्हटलं जळणारं दाखवताच कशाला? अहो, पत्रिका जुळवायला एवढा वेळ लागत नाही. एक खोकं आत, एक बाहेर, पुन्हा तेच आत, आणि दर वेळी माझा पाय खाली. बायको मध्येच एकदा म्हणाली, "अंथरूण पाहून पाय पसरावेत." मी ऐकलं नाही. मला वाटलं, आईसाठी घेतोय, कंजुषी कशाला. खरं सांगू? मला त्या काळ्या शर्टवाल्यासमोर गरीब दिसायचं नव्हतं.

शेवटी मोटारसायकल संपली आणि घरची शिल्लकही थोडी तिच्यामागे गेली. आणि मला फक्त एक वाक्य ऐकायचं होतं.

घरी आलो. आता घर म्हणजे काय, सोफ्यावर बसलं की गुडघे टीव्हीला लागतात असं आमचं घर. कागदावर लिहिलेलं, मागचे स्पीकर तुमच्या मागे ठेवा. मागे कुठे? मागे भिंत! भिंतीच्या मागे शेजारी! मग एक मागचा गेला फ्रिजवर, दुसरा चपलांच्या कपाटावर. सबवूफर म्हणजे हे एवढं काळं धूड, ते कुठेच मावेना, तर आई म्हणाली, "राहू दे माझ्याजवळ, बरं स्टूल आहे," आणि तिने त्यावर आपल्या गोळ्यांचा डबा ठेवला.

सगळे जमले. ताई आली, काका आले, डेसिबल रिमोट घेऊन मध्ये. आईने यंत्राला नवा सेल घातला, केस विंचरले, आणि ठरलेल्या जागी बसली. कोणी भेटायला येणार असलं की बसतात तशी. आणि लावला व्हिडिओ.

धडाऽम!

ते चारही भोंगे, माझ्या लग्नातले, एवढी वर्षं त्या जुन्या टीव्हीत कोंडले होते, ते घरात मोकळे सुटले! गोळ्यांचा डबा सबवूफरवरून चालत चालत कडेला आला आणि खाली गेला. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ बनियनवर धावत वर आले, "काही पडलं का?" म्हटलं हो, बजेट. आणि एवढ्यात फ्रिजवरून एक बाई बोलायला लागली, "मुलगी गुणी आहे हो, पण मुलाचं काही खरं दिसत नाही." एवढी वर्षं जे कधी ऐकू आलं नव्हतं ते! आवाज आमच्या मोठ्या आत्याचा. जिला मी दर वर्षी मिठाई पाठवतो, तिचा. चपलांच्या कपाटावरून कोणीतरी म्हणालं, "खरंच." ताई माझ्याकडे बघेना. अख्ख्या मांडवाचं बोलणं ऐकू येत होतं, म्हणजे ज्याची ज्याची नको होती ती मतं, एकूण एक. आणि बाबा वाकले, ओठ हलले, आई हसली... आणि ऐकू काय आलं? घूंऽऽ. तेच घूंऽऽ, फक्त पाच बाजूंनी.

डेसिबल म्हणाला, "सेटिंग आहे, सेटिंग." पंधरा बटणं दाबली. घूंऽऽ. शेवटी आईने डोळे पुसले आणि मलाच समजवायला लागली, "राहू दे बाळा. आवाज छान आहे. घर भरल्यासारखं वाटतं." तुम्हाला सांगतो, तिने मला चारचौघांत शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

तेव्हा बायको उठली. फ्रिजवरच्या स्पीकरची वायर उपटली. आत्या बंद. चपलांच्या कपाटावरची उपटली. पुढचा डावा उपटला, पुढचा उजवा उपटला. डेसिबल बहिणीवर ओरडतोय, "ताई, वॉरंटी, वॉरंटी!" आईच्या स्टुलाची पण उपटली. राहिला मधला, तो हलका, सगळ्यांत स्वस्तातला. आणि म्हणाली, "आता लावा."

लावला. भोंगे कुठेतरी लांब गेल्यासारखे झाले. बाबा वाकले. आणि तुम्हाला सांगतो, माझ्या अंगावर काटा आला, कारण आवाज तोच! घसा खाकरून बोलायची तीच सवय! एवढ्या वर्षांनी बाबा आमच्या घरात बोलले,

"एवढे भोंगे कशाला आणलेत गं याने? एक पुरला असता. याला कोणीही दुकानदार गंडवतो बघ."

माझा पाय असा खाली गेला की खालचे गृहस्थ परत वर आले.

आणि आई हसली. टीव्हीतली तोंडावर हात धरून हसली आणि सोफ्यावरची तोंडावर हात धरून हसली, दोघी एकदम, खुर्ची हलली तसा सोफा हलला. डोळ्यांतून पाणी, आणि म्हणते, "हेच! अरे, हेच म्हणाले होते! अगदी हेच! परत लाव." परत लावलं. "परत लाव." पाचव्यांदा काकांनाही हसू आवरेना. बायको हसली नाही. ती फक्त माझ्याकडे बघत होती, आणि ते बघणं बाबांच्या वाक्यापेक्षा लांब होतं.

दुसऱ्या दिवशी काळ्या शर्टवाल्याचा फोन. "सर, कसा वाटला आवाज?" म्हटलं स्पष्ट आहे, फारच स्पष्ट आहे. बाकीचे चार आणि ते पोट परत घेता का? तर म्हणे परत घेत नाही सर, पण आणखी दोन घेतलेत तर छताला लावता येतात. मी फोन ठेवला. गंडवून घ्यायलाही माणसाला थोडी विश्रांती लागते.

तर आता असं आहे. फ्रिजवरच्या स्पीकरवर बायको चाव्या ठेवते. चपलांच्या कपाटावरच्यावर छत्री. आई रोज संध्याकाळी स्टुलावर गोळ्या मांडून बसते आणि मधल्या डब्यातून बाबा मला झापतात. ती हसते, मग जेवते, आणि तिला झोप छान लागते. ज्या माणसाने जन्मात मला "हं"पलीकडे काही म्हटलं नाही, तो आता रोज पाहुण्यांसमोर माझी अक्कल काढतो. आणि तुम्हाला म्हणून सांगतो, आई बाजारात गेली असली ना, तर मीच गुपचूप लावतो. याला कोणीही दुकानदार गंडवतो बघ... परत लावतो. तुम्ही म्हणाल, अपमान नाही वाटत? वाटतो ना.

पण आवाज किती स्वच्छ येतो हो.